स्टिकर ५३१ चं, सीट पोस्ट मात्र २६ चा: जुन्या फ्रेमचा पाइप ओळखताना होणारी गल्लत

तक्रार बहुतेक वेळा एकाच वळणाची असते. जुन्या बाजारातून किंवा एखाद्या वाड्याच्या माळ्यावरून जुनी रोड सायकल हाती येते. सीटच्या नळीवर 'रेनॉल्ड्स ५३१'चं, म्हणजे रेनॉल्ड्स कंपनीच्या पातळ पण बळकट पोलादी नळीचं स्टिकर असतं. विकणारा नळीवर टिचकी मारून आवाज ऐकवतो आणि भाव त्या स्टिकरवर ठरतो. घरी येऊन अशा नळीला लागतो तो २७.२ मिमीचा सीट पोस्ट (सीट धरणारा, नळीत उतरणारा खांब) मागवला की तो तोंडाशीच अडतो, आणि जुना पोस्ट बाहेर काढून पाहावं तर त्यावर २६.० किंवा २६.४ कोरलेलं. मग प्रश्न पडतो: स्टिकर खोटं, की सीटची नळी चेपलेली, की कुणी चुकीचा पोस्ट ठोकून बसवलेला?

हीच अडचण उलट बाजूनंही येते. पावडर कोटिंग करून आणलेली फ्रेम, एकही स्टिकर नाही, हातात हलकी लागते आणि मागची बाजू, म्हणजे मागचं चाक बसतं ती फट, १२० मिमीवरून १३० मिमीला उघडायची आहे. पाइप कुठला हे कळल्याशिवाय तिला हात लावणं धोक्याचं, कारण काही नळ्या हे सहन करतात आणि काही करत नाहीत.

दोन्हीकडे उत्तर एकच. घरी बसून आपल्याला पोलादाची जात कळत नाही, कळते ती नळीची जाडी. जात त्या जाडीवरून ताडायची असते. हा क्रम डोक्यात पक्का बसला की निम्मी गल्लत तिथेच थांबते.

टिचकी आणि चुंबक का फसवतात

साधं माइल्ड स्टील घ्या, ५३१ घ्या किंवा क्रोम-मॉली (क्रोमियम-मॉलिब्डेनमचं पोलाद). घनता सगळ्यांची ७.८५ च्या आसपास, आणि ताठरपणा मोजणारा यंगचा गुणांक २०० ते २१० गिगापास्कल. मिश्रण बदललं तरी हे दोन आकडे जवळपास हलत नाहीत. बदलतं ते बळ, म्हणजे किती भार आल्यावर नळी कायमची वाकते तो आकडा. बळ जास्त असलं की नळी पातळ ठेवता येते, आणि सायकल हलकी होते ती या पातळपणामुळे. टिचकीचा आवाज नळीची लांबी, व्यास आणि जाडी यांवर ठरतो. त्यामुळे पातळ ओढलेली कुठलीही नळी छान वाजते, आणि आत गंज साठलेली अस्सल ५३१ सुद्धा बद्द वाजते. टिचकीचा उपयोग एवढाच की नळीच्या मध्यापासून लगकडे (नळ्या जोडणाऱ्या पोलादी बाहीकडे) टिचक्या मारत गेलं आणि टोकाकडे आवाज स्पष्ट बदलला, तर नळी बटेड असण्याची शक्यता वाढते. लगमुळेही आवाज बदलतो, म्हणून यावर पैसे लावू नयेत.

चुंबक या सगळ्या नळ्यांना सारखाच चिकटतो. अ‍ॅल्युमिनियम वेगळं काढायला तो पुरतो, त्यापुढे नाही.

बटेड म्हणजे काय हे इथेच सांगून टाकतो, कारण पुढची सगळी मापं त्यावर उभी आहेत. लगमध्ये पितळेची झाळ देताना नळीची टोकं तापतात आणि तिथलं बळ कमी होतं. म्हणून टोकं जाड ठेवायची आणि मधला भाग पातळ करायचा, बाहेरचा व्यास मात्र सगळीकडे सारखा. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सनं याचं पेटंट १८९७ मध्ये घेतलं आणि मँगनीज-मॉलिब्डेनमची ५३१ नळी १९३५ मध्ये बाजारात आणली. आडवी दांडी आणि खालची तिरकी नळी दोन्ही टोकांना जाड असते. सीटची नळी सहसा फक्त खाली, बीबीकडे (पेडलचा आस बसतो तिकडे) जाड असते आणि वरचं तोंड पातळ. आपलं नशीब असं की या पातळ भागातच सीट पोस्ट उतरतो, म्हणजे फ्रेम न कापता जाडी मोजायची एक खिडकी कारखान्यानंच उघडी ठेवलेली आहे.

आधी बाहेरचा व्यास, आणि तोही वजाबाकीनं

सीट पोस्टच्या मापावर झडप घालण्याआधी नळी इंची आहे की मेट्रिक हे ठरवा. इंग्लिश, इटालियन आणि जपानी रोड फ्रेमची आडवी दांडी २५.४ मिमी, सीटची नळी २८.६ मिमी. जुन्या फ्रेंच फ्रेमची दांडी २६ मिमी आणि सीटची नळी २८ मिमी. इथे चुकलात तर पुढचं सगळं गणित चुकतं: २८.६ च्या नळीत २६.४ चा पोस्ट म्हणजे १ मिमी जाडीचा साधा पाइप, आणि २८ च्या नळीत तोच २६.४ चा पोस्ट म्हणजे उत्तम प्रतीची मेट्रिक ५३१. फ्रान्सच्या प्यूजोची पीएक्स-१० सायकल हे याचं प्रसिद्ध उदाहरण. ती ५३१ चीच, आणि तिला पोस्ट २६.४ चाच लागतो. असल्या फ्रेम 'स्टिकर खोटं आहे' म्हणून स्वस्तात गेल्या आहेत.

अडचण रंगाची येते. जुना रंग, त्यावर नवा रंग, मध्ये कुठेतरी लांबी (पुटी) भरलेली. २८.० ची नळी व्हर्नियरवर सहज २८.४ दाखवते आणि आपण तिला इंची ठरवून मोकळे होतो. यावर सोपा उपाय आहे. दांडी आणि सीटची नळी एकाच व्हर्नियरनं, दोन्हीकडे रंगाचा थर सारखा दिसेल अशा जागी मोजा आणि वजाबाकी करा. इंची फ्रेममध्ये फरक ३.२ मिमी येतो, मेट्रिकमध्ये २.० मिमी. रंग दोन्हीकडे सारखाच वाढतो, म्हणून वजाबाकीत तो निघून जातो. फरक २.८ ते ३.४ आला तर इंची, १.७ ते २.३ आला तर मेट्रिक. मधलाच आकडा आला तर कुठेतरी लांबी आहे किंवा नळी चेपलेली आहे. जागा बदलून पुन्हा मोजा. प्रत्येक नळी आडवी आणि उभी अशी दोनदा मोजायची, म्हणजे चेपलेली असली तर तिथेच कळतं.

व्हर्नियरची धार रंगावर दाबू नका. जबडे हलकेच टेकवून किंचित डोलवा आणि सर्वांत कमी येणारा आकडा घ्या. दांडी २८.६ आणि तिरकी नळी ३१.८ आली तर ती नंतरच्या काळातली ओव्हरसाइज फ्रेम आहे, तिला इथली कोष्टकं लावू नका.

सीटच्या नळीच्या आत काय आहे

आता खरी मोजणी. जुना पोस्ट काढा. अडकला असेल तर बोल्ट पूर्ण सैल करून तोंडाभोवती पेनिट्रेटिंग ऑइल सोडा आणि एक रात्र जाऊ द्या. पोस्ट अ‍ॅल्युमिनियमचा आणि नळी पोलादाची असेल तर फ्रेम तापवून फायदा नाही, कारण तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं आणि अधिकच घट्ट बसतं. उलट पोस्टच थंड करा: बर्फ ओल्या फडक्यात गुंडाळून पोस्टभोवती वीस मिनिटं धरा आणि लगेच पिळा. पिळताना फ्रेमची नळी शिकंज्यात धरायची नाही. पातळ नळी असेल तर ती शिकंज्यातच चेपेल, आणि ज्या गोष्टीचा शोध घ्यायला निघालो तीच खराब होईल.

पोस्ट निघाला की आतून बघा. पुण्याच्या पावसाळ्यात उभी राहिलेली सायकल असेल तर तोंडापासून बोटभर खाली तांबूस खपल्यांचं एक कडं दिसतं. जुना पोस्ट संपतो तिथे पाणी थबकतं आणि गंज तिथेच जमतो. ते कडं नळीचा व्यास अर्धा मिमीपर्यंत लहान दाखवू शकतं. लाकडी काठीला १२० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून, थोडं रॉकेल लावून आतून फिरवा आणि फडक्यानं पुसा. घासायचं ते गंज निघेपर्यंतच. रीमर फिरवू नका, रीमरनं पुरावाच बदलतो.

व्हर्नियरचे आतले जबडे जेमतेम दीड सेंटिमीटर जातात, आणि नेमका तोच भाग भरवशाचा नसतो. तिथे खाच आहे, बोल्टनं वर्षानुवर्षं आवळलेली आहे, लगच्या झाळेची उष्णता लागलेली आहे. माप तोंडापासून ३ ते ४ सेंटिमीटर खाली घ्यायचं असतं. त्यासाठी टेलिस्कोपिक गेज घ्या. संचातला सुमारे १९ ते ३२ मिमीचा नग पुरतो. आवळलेल्या तोंडातून तो दाबून आत जातो, खाली गेल्यावर उघडतो, मूठ फिरवून जागेवर पकडायचा आणि बाहेर काढून मायक्रोमीटरनं मोजायचा. पुढून-मागे आणि डावीकडून-उजवीकडे अशी दोन मापं घ्या. दोन्हींत ०.२ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर नळी अंडाकार झाली आहे. सरासरीवर काम चालवता येतं, पण निष्कर्ष थोडा सैल ठेवावा.

वारंवार फ्रेम तपासणाऱ्यांनी लेथवाल्याकडून प्लग करून घ्यावेत: २६.०, २६.४, २६.६, २६.८, २७.० आणि २७.२, प्रत्येक ५० मिमी लांब, मापापेक्षा ०.०२ ते ०.०३ नं कमी, आणि हवा निघायला मधोमध ६ मिमीचं आरपार भोक. जो सर्वांत मोठा प्लग जोर न लावता आपल्या वजनानं उतरतो, ते पोस्टचं माप. मात्र तोंड आवळलेलं असेल तर प्लग खोटं सांगतील, म्हणून गेजचं माप पहिलं.

गणित सरळ आहे. बाहेरच्या व्यासातून जाडीची दुप्पट वजा केली की आतला व्यास, आणि त्यातून साधारण ०.२ मिमी वजा केले की पोस्टचं माप. २८.६ च्या नळीसाठी:

जाडी ०.५५ ते ०.६ मिमी, पोस्ट २७.२: डबल बटेड (दोन्ही टोकांना जाड) ५३१, इटलीच्या कोलंबसची एसएल, जपानच्या टँगे आणि ईशिवाटाचे चांगले संच.
जाडी ०.७, पोस्ट २७.० आणि क्वचित २६.८: कोलंबस एसपी. उंच फ्रेमसाठी किंवा वजनदार माणसासाठी हीच नळी घ्यायचे.
जाडी ०.८ ते ०.९, पोस्ट २६.८ किंवा २६.६: प्लेन गेज (सगळीकडे एकाच जाडीची) ५३१ किंवा साधी क्रोम-मॉली. इथेच सर्वांत जास्त वाद होतात.
जाडी १.०, पोस्ट २६.४: हाय-टेन्साइल (थोडं जास्त बळाचं कार्बन स्टील).
जाडी १.२, पोस्ट २६.०: साधं कार्बन स्टील.
जाडी १.४ आणि त्याहून जास्त, पोस्ट २५.६ ते २५.४: रोडस्टर (रोजच्या वापराची जड, साधी सायकल).

काही फ्रेमना २७.४ चा पोस्ट लागतो. अशी फ्रेम समोर आली तर सावध व्हा. ती रेनॉल्ड्स ७५३ असू शकते, तिच्याबद्दल खाली स्वतंत्र लिहिलं आहे.

या कोष्टकाची मर्यादाही ध्यानात ठेवा. २७.२ नं पातळ नळी सिद्ध होते, ५३१ सिद्ध होत नाही. पण २८.६ च्या न चेपलेल्या नळीत खरं माप २६.० आलं, तर 'डबल बटेड ५३१' हे स्टिकर त्या फ्रेमचं नाही, एवढं ठामपणे सांगता येतं. नाकारायला हे माप पक्कं आहे, ओळख पटवायला अपुरं.

एक चूक वारंवार दिसते. आधीच्या मालकानं २७.२ च्या नळीत २६.८ चा पोस्ट घालून बोल्ट आवळलेला असतो. ओळखायची खूण सीटच्या लगच्या, बोल्ट जातो त्या दोन कानांत आहे. ते एकमेकांना समांतर असायला हवेत. पोस्ट लहान असेल तर वरच्या बाजूला ते एकमेकांकडे झुकून जवळपास चिकटलेले दिसतात. अशा फ्रेममध्ये पोस्टवर कोरलेला आकडा वाचून निष्कर्ष काढू नये.

चिमटा उतरवल्यावर जे कळतं

दुसरा भक्कम पुरावा चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या) वरच्या पाइपात, म्हणजे स्टिअररमध्ये असतो. हँडलच्या स्टेमचा बोल्ट तीन-चार आटे सैल करा, त्याच्या डोक्यावर लाकडी हातोडीनं एक ठोका द्या, स्टेम सुटतो. हेडसेटचा लॉकनट बहुतेक ३२ मिमीच्या पान्ह्यानं निघतो. खाली जुनी चादर अंथरा, कारण जुन्या हेडसेटमध्ये ५/३२ इंचाचे सुटे छर्रे असतात आणि ते घरंगळत जातात. वरचे आणि खालचे वेगळे मोजून ठेवा.

स्टिअरर रॉकेलनं पुसून उजेडात फिरवा. रेनॉल्ड्सच्या स्टिअररवर नाव ठोकलेलं सापडू शकतं, कोलंबसवर कबुतराची खूण, टँगेवर नाव आणि त्यासोबत अक्षर-आकड्यांचा कोड. ग्रीसखाली हे ठसे पुसट असतात. बोटांनी जाणवलं नाही तर कागद ठेवून पेन्सिल घासा, ठसा उमटतो.

मग चिमटा उलटा धरा आणि खालच्या भोकातून करंगळी स्टिअररमध्ये घाला. आत बंदुकीच्या नळीसारख्या वळत जाणाऱ्या पाच उंच धारा बोटाला लागल्या, तर तो कोलंबसचा एसएल-एसपी दर्जाचा स्टिअरर. रंग उडालेल्या, नाव नसलेल्या इटालियन फ्रेमसाठी याहून सोपी आणि खात्रीची खूण नाही. कोलंबसच्याच एसएलएक्स नळ्यांमध्ये अशाच धारा मुख्य नळ्यांच्या बीबीकडच्या टोकांतही असतात. बीबीचे कप आणि अ‍ॅक्सल काढून, शेलमधून टॉर्च मारून नळ्यांच्या तोंडात पाहा.

पण चिमट्याचा पुरावा चिमट्यापुरताच. अपघातात आधी वाकतो तो चिमटा आणि बदलला जातो तोही चिमटाच. फ्रेमचा नंबर बीबीखाली किंवा सीटच्या लगवर आणि चिमट्याचा नंबर स्टिअररवर, दोन्ही जुळले तरच चिमट्यावरून फ्रेमबद्दल बोलावं. स्टिअररचा व्यासही मोजा: २५.४ इंची, २५.० फ्रेंच. फ्रेम मेट्रिक आणि स्टिअरर इंची आला तर चिमटा बहुधा दुसऱ्या सायकलचा आहे.

आत शिवण लागते का तेही बोटानं पाहा. लांबीच्या दिशेनं जाणारी सरळ उंच रेघ म्हणजे पत्रा गुंडाळून वेल्ड केलेला पाइप. ५३१ किंवा एसएलमध्ये ती असत नाही. मधल्या किमतीच्या काही क्रोम-मॉली नळ्या मात्र शिवणीच्या पाइपापासूनच ओढून केलेल्या असत, म्हणून शिवण दिसली की थेट 'लोखंडी पाइप' म्हणून निकाल देऊ नका.

बीबीची रुंदी आणि आटे देश सांगतात, पोलाद नाही. ६८ मिमी आणि इंचाला २४ आटे म्हणजे इंग्लिश, ७० मिमी म्हणजे इटालियन, ३५ मिमी व्यास आणि १ मिमीचे आटे म्हणजे फ्रेंच. इंचाला २६ आटे आले तर इंग्लंडच्या रॅले कंपनीचा स्वतःचा कारखाना. ड्रॉपआउट (चाकाचा आस बसतो ते खाचेचे तुकडे) पत्र्यातून कापलेले असतील तर अख्खी फ्रेम ५३१ असण्याची शक्यता कमी होते. घडीव असतील आणि त्यावर काम्पान्योलो या इटालियन कंपनीचं नाव असेल तर वाढते. याहून जास्त अर्थ त्यांतून काढू नये.

वजन: आकडा वापरा, पण गणितासकट

'हलकी आहे' हा पुरावा नव्हे. मीटरभर २८.६ ची नळी ०.६ मिमी जाडीची असेल तर सुमारे ४१० ग्रॅम भरते, १ मिमीची असेल तर सुमारे ६८० ग्रॅम. तीन मुख्य नळ्या मिळून पावणेदोन मीटरच्या आसपास होतात. जाड टोकं धरली तरी फरक ३०० ते ४०० ग्रॅमचा पडतो. म्हणजे ५६ सेंटिमीटरची, चिमटा आणि बीबी काढलेली डबल बटेड फ्रेम २ किलोच्या आगेमागे येते आणि हाय-टेन्साइल फ्रेम अडीच किलोच्या वर. दर २ सेंटिमीटर उंचीला ३० ते ४० ग्रॅम कमी-जास्त धरा. सव्वादोन ते अडीच किलोच्या मध्ये वजन आलं तर फक्त मुख्य तीन नळ्या चांगल्या आणि मागच्या नळ्या साध्या, हा प्रकार असू शकतो. तो फार सर्रास होता आणि त्यात फसवणूक काहीच नव्हती.

कारण स्टिकरवरच तसं लिहिलेलं असे. 'बटेड ट्यूब्स, फोर्क्स अँड स्टेज' म्हणजे पूर्ण फ्रेम आणि चिमटा. 'मेन ट्यूब्स' म्हणजे फक्त तीन नळ्या. 'प्लेन गेज' म्हणजे पोलाद ५३१ चं, पण बटिंग नाही. आपल्याकडे ५३१ एवढाच आकडा वाचला जातो आणि खालची बारीक ओळ राहून जाते. २६.८ चा पोस्ट लागणारी आणि 'प्लेन गेज' लिहिलेली फ्रेम पूर्ण खरी आहे; तिला खोटी म्हणणं अन्यायाचं. नवं छापलेलं स्टिकर मात्र कुणालाही विकत मिळतं, म्हणून स्टिकर रंगाच्या किंवा वार्निशच्या खाली आहे की वर, हे भिंगातून पाहा. जपानी ईशिवाटाच्या स्टिकरवरचा आकडा वजनाचा असतो: ०२२ म्हणजे नळ्यांचा संच २.२ किलोचा.

आपल्याकडच्या रॅले, हर्क्युलिस आणि बीएसएबद्दल

पुण्यात हा प्रश्न जरा जास्तच गुंतागुंतीचा होतो, कारण तीच नावं दोन देशांत घडत होती. रॅले नॉटिंगहॅमची असू शकते, आसनसोलच्या सेन-रॅलेचीही असू शकते. हर्क्युलिस आणि बीएसए मद्रासजवळच्या अंबत्तूरला, १९४९ मध्ये स्थापन झालेल्या टीआय सायकल्सच्या. आधी हेड पाइपवरचा बिल्ला नीट वाचा. रेनॉल्ड्सही ब्रिटनच्या टीआय (ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स) समूहात होती आणि 'टीआय रेनॉल्ड्स' अशी स्टिकरं निघाली, म्हणून भारतीय सायकलीवर 'टीआय' दिसलं की लोक ५३१ ची आशा धरतात. त्या दोन अक्षरांचा नळीच्या दर्जाशी संबंध नाही.

रॉडचे ब्रेक, २८ इंची चाकं, बंद चेनकव्हर आणि वर ५३१ चं स्टिकर, असं एकत्र दिसलं तर ते स्टिकर जवळजवळ नक्की नंतर लावलेलं. त्या सायकली साध्या कार्बन स्टीलच्या, जाड नळीच्या आणि त्यांच्या कामासाठी अगदी योग्य होत्या. मागच्या हबवर स्टर्मी-आर्चरचा शिक्का असेल तर त्यावरचं वर्ष हबचं आहे. चाकं बदलली जातात, म्हणून ते वर्ष फ्रेमला चिकटवू नका. अस्सल जुन्या बनावटी जवळून पाहून डोळा तयार करायचा असेल तर कर्वेनगरचं विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय हाताशी आहे. बिल्ले, लग आणि चिमट्यांचे खांदे तिथे सावकाश पाहावेत.

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी उभं राहून चिमटा उतरवता येत नाही. तिथे पाच मिनिटांत तीन गोष्टी होतात: दांडी आणि सीटच्या नळीची वजाबाकी, पोस्ट काढून त्याचं माप, आणि लगचे कान समांतर आहेत का. यासाठी खिशात व्हर्नियर, ५ आणि ६ मिमीच्या अ‍ॅलन की आणि १३ चा पान्हा असला की झालं. पोस्ट निघतच नसेल तर किंमत साध्या पाइपाची धरावी.

मापं जुळली, तरी जात पक्की करायची असेल तर

मग लॅब. भोसरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात धातू तपासणारे आहेत. त्यांच्याकडे हातात धरायच्या एक्स-रे यंत्राची पीएमआय (मिश्रणातले धातू ओळखायची) चाचणी मागा. ठिणगी पाडून करायची चाचणी नको, ती नळीवर डाग पाडते आणि अर्ध्या मिलिमीटरच्या गोल नळीवर तिचं काहीच काम नाही.

जागा निवडणं तुमच्या हातात ठेवा. लग, बीबीचं शेल आणि ड्रॉपआउट हे वेगळे भाग आहेत, त्यांचं पोलादही वेगळं. तिथली चाचणी नळीबद्दल काही सांगत नाही. तिरक्या नळीच्या खालच्या बाजूला, लगच्या कडेपासून किमान ५ सेंटिमीटर दूर, म्हणजे झाळेतलं पितळ आकड्यात मिसळणार नाही, तिथे आठ आण्याएवढी जागा २२० आणि मग ४०० च्या पेपरनं लख्ख होईपर्यंत घासा. प्रायमर राहिला तर जस्त दिसेल. फ्रेमला रंगाखाली क्रोम असेल, आणि इटालियन चिमट्यांना व मागच्या नळ्यांना ते पुष्कळदा असतं, तर यंत्र प्लेटिंगचं क्रोमियम मोजून साध्या नळीला क्रोम-मॉली ठरवेल. सोबत निकेल दिसलं की आकडा प्लेटिंगचा आहे असं समजा.

मँगनीज सुमारे दीड टक्का, मॉलिब्डेनम पाव टक्क्याच्या आसपास आणि क्रोमियम नगण्य, तर ५३१ चं घराणं. क्रोमियम एक टक्क्याच्या जवळ आणि मॉलिब्डेनम ०.१५ ते ०.३, तर क्रोम-मॉली; यात कोलंबस एसएल आणि रेनॉल्ड्स ५०१ दोन्ही बसतात, वेगळे करायला पुन्हा जाडी आणि स्टिअरर. दोन्ही धातू नगण्य आले तर कार्बन स्टील. हे यंत्र कार्बन मोजत नाही, म्हणून माइल्ड आणि हाय-टेन्साइल यांत ते भेद करणार नाही. मागच्या नळ्यांची चाचणी वेगळी घ्या.

अल्ट्रासॉनिक गेज स्वस्तात मिळतो म्हणून अनेक जण आणतात आणि तिथेच नवी गल्लत होते. साध्या प्रोबची मर्यादा १ मिमीच्या वर असते. त्याहून पातळ नळीवर तो पहिला प्रतिध्वनी सोडून दुसरा पकडतो आणि ०.६ चे १.२ दाखवतो. अस्सल बटेड नळी यामुळे रोडस्टरची ठरते. पातळ आणि गोल नळीसाठी डिले-लाइनचा, जास्त फ्रिक्वेन्सीचा प्रोब लागतो. तो नसेल तर गेज कपाटात राहू द्या.

७५३ आणि दुरुस्ती

१९७६ मध्ये आलेली ७५३ म्हणजे ५३१ चंच मिश्रण, उष्णता-प्रक्रिया करून अधिक बळकट आणि म्हणून अधिक पातळ केलेलं. लॅबमध्ये दोघींचे आकडे सारखेच येतात. वेगळं करणारी गोष्ट जाडी: २७.४ चा पोस्ट आणि नेहमीच्या ५३१ पेक्षा स्पष्ट कमी वजन. ही नळी रेनॉल्ड्स सरसकट विकत नसे. कारागिरानं जोडाचा नमुना पाठवून मंजुरी घ्यावी लागे, कारण तिला पितळेची झाळ चालत नाही, कमी तापमानाची चांदीची झाळ लागते. शंका असेल तिथे फ्रेम ७५३ आहे असं धरूनच वागा: मागची बाजू ताणून रुंद करू नका, वाकलेली नळी थंडपणे सरळ करू नका, गॅस वेल्डिंगवाल्याकडे पितळ भरायला देऊ नका.

५३१ आणि क्रोम-मॉली मागच्या बाजूला १२० वरून १२६ किंवा १३० ला थंडपणे उघडता येतात, दोन्ही बाजू समान सरकतील याची दोरी लावून खात्री करत. ५३१ ला पितळेची झाळ चालते, पण नळी नारिंगी-पिवळी होईपर्यंत तापवली तर जोडाशेजारी ती ठिसूळ होते. झाळ वाहायला लागेल एवढाच गडद नारिंगी रंग पुरे. ५३१ ला टिग वेल्ड करू नये. रोडस्टरच्या जाड कार्बन स्टीलला यातलं काहीच विशेष बाधत नाही.

पावडर कोटिंगची भट्टी १८० ते २०० अंशांची, तिनं कुठलीही नळी किंवा झाळ बिघडत नाही. बिघडवतं ते त्याआधीचं सँडब्लास्टिंग. पातळ नळीवर जाड वाळू आणि पूर्ण दाब नको. केमिकल रिमूव्हरनं रंग उतरवून घ्या किंवा बारीक मीडिया सांगा. देण्याआधी बीबी आणि हेडच्या आट्यांना जुने कप लावून ठेवा, नंबर आणि स्टिकरचे फोटो सावलीत, मापपट्टी शेजारी ठेवून काढा, आणि दांडी, सीटची नळी, आतला व्यास, स्टिअरर, वजन हे पाच आकडे तारखेसह कागदावर लिहून तो कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. रंग होऊन आल्यावर सीट पोस्टला ग्रीस लावायच्या आधी तो कागद सीटच्या नळीत खाली सोडून द्या.